पोलिसी दप्तर आणि नागरिकाचा अर्ज

समजा, पुण्याच्या एखाद्या घरी रात्री अकराच्या सुमारास दूरध्वनी वाजतो. शिकागोस नोकरीला असलेल्या मुलाच्या मोटारीला अपघात झाला आहे, मुलगा इस्पितळात आहे, आणि पोलिसांनी काहीतरी लिहून नेले आहे, एवढेच कळते. पहिले आठ दिवस काळजीत जातात. नंतर प्रश्न सुरू होतात. चूक कोणाची होती? पोलिसांनी काय लिहिले? विमा कंपनी जो कागद मागते तो कोणाजवळ मिळतो? मुलाचा मित्र सांगतो, “काउंटीकडे अर्ज करा.” आणि येथे घरातली मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. काउंटी म्हणजे कोण? अर्ज कोणाच्या नावे? आणि परदेशच्या पोलिसाचा कागद आपल्याला तो देईल तरी का?

या प्रश्नांची उत्तरे द्यावीत एवढाच आमचा हेतू आहे. अमेरिकेत पन्नास राज्ये आणि त्यांचे पन्नास कायदे. सगळ्यांचा परामर्श घेऊ गेल्यास एकाचाही नीट बोध होणार नाही. म्हणून इलिनॉय हे एक राज्य आणि त्यातील कुक ही एक काउंटी आम्ही नमुन्यादाखल घेतो. शिकागो शहर बहुतांशी याच काउंटीत वसले आहे. २०२० च्या शिरगणतीत तिची वस्ती ५० लाखांहून अधिक भरली. एवढ्या मोठ्या दप्तरातून सामान्य माणसाने एक कागद कसा काढावा, हे समजले म्हणजे इतरत्रचा मार्गही सापडतो.

प्रथम काउंटी म्हणजे काय ते पाहू. आपण तिचे भाषांतर ‘जिल्हा’ असे करतो, आणि गैरसमजाला तेथूनच सुरुवात होते. आपल्या जिल्ह्यात कलेक्टर असतो, पोलिस अधीक्षक असतो; दोघेही सरकारने नेमलेले. इलिनॉयमध्ये १०२ काउंट्या आहेत, आणि प्रत्येकीतील मुख्य अधिकारी लोक निवडून देतात. तेही वेगवेगळे. शेरीफ निराळा निवडतात, फिर्यादी वकील निराळा, न्यायालयाचा दप्तरदार निराळा. एक दुसऱ्याचा ताबेदार नाही. त्यामुळे काउंटी म्हणजे एक कचेरी नव्हे. एका वाड्यात अनेक बिऱ्हाडे असावीत आणि प्रत्येकाची चूल वेगळी असावी, तसा तो प्रकार आहे. एका बिऱ्हाडाच्या फडताळातली वस्तू दुसऱ्याच्या दारात उभे राहून मागितली, तर “आमच्याकडे नाही” हेच उत्तर मिळणार. आणि ते खोटेही नसते.

आता कोणत्या दारी काय मिळते ते पाहू. शहराच्या हद्दीत घडलेल्या गोष्टीची नोंद शहराच्या पोलिसांकडे. शहराच्या आणि गावांच्या हद्दीबाहेरचा जो मोकळा मुलूख आहे तेथली नोंद काउंटीच्या शेरीफाकडे. मुंबईच्या नगरपालालाही इंग्रजीत शेरीफच म्हणत आले आहेत. परंतु ते पद केवळ मानाचे. अमेरिकेतील शेरीफ हा हाताखाली शिपाई असलेला, काउंटीचा तुरुंग चालवणारा प्रत्यक्ष अधिकारी असतो. तेव्हा एखादा माणूस तुरुंगात केव्हा आला, केव्हा सुटला, तेथे त्याचे काय झाले, याचे कागद शेरीफाकडे. मोठ्या द्रुतगती मार्गावरील अपघात बहुधा राज्याच्या पोलिसांकडे जातो. तो काउंटीकडे शोधून उपयोग नाही. खटला चालवण्याचा निर्णय आणि त्याचे कागद फिर्यादी वकिलाकडे, ज्याला तेथे स्टेट्स अॅटर्नी म्हणतात. न्यायालयात दाखल झालेली कागदपत्रे दप्तरदाराकडे. मात्र न्यायालये माहितीच्या कायद्याखाली येत नाहीत, तेथे न्यायालयाच्या रीतीनेच नक्कल मागावी लागते. आणि मृत्यू संशयास्पद, अपघाती किंवा हिंसक असेल, तर शवचिकित्सेचा अहवाल मेडिकल एक्झॅमिनरकडे. मुंबईत पूर्वी कॉरोनर असे, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. कुक काउंटीतही कॉरोनरच होता. १९७६ साली ते पद जाऊन त्या जागी नेमलेला वैद्यक अधिकारी आला.

ही बिऱ्हाडे वेगळी असण्यात नागरिकाचा केवढा लाभ आहे, हे एका घटनेवरून सांगतो. ती सर्वश्रुत आहे, परंतु तिच्यातील दप्तराचा भाग फारसा सांगितला जात नाही.

२० ऑक्टोबर २०१४ च्या रात्री शिकागो शहराच्या पोलिसाने लक्वान मॅक्डॉनल्ड या १७ वर्षांच्या कृष्णवर्णी मुलाला गोळ्या घालून ठार केले. मुलाच्या हाती लहानसा चाकू होता. तो पोलिसांवर चालून आला, त्याच्या छातीत गोळी लागली, असे त्या रात्री वृत्तपत्रांना सांगण्यात आले. पोलिसांच्या अहवालांतही मुलगा हल्ला करण्याच्या बेतात होता असेच लिहिले गेले. वृत्तपत्रांनी ते छापले आणि प्रकरण मिटल्यासारखे झाले.

जेमी काल्व्हेन नावाच्या पत्रकाराला यात काहीतरी काळेबेरे असल्याचा सुगावा लागला. पोलिसांच्या मोटारीवरील कॅमेऱ्याने घटनेचे चित्रण केले होते. पण ते शहराच्या ताब्यात होते, आणि शहर ते दाखवीत नव्हते. तेव्हा काल्व्हेन यांनी दुसरे दार ठोठावले. मेडिकल एक्झॅमिनर हा शहराचा नोकर नव्हे, काउंटीचा. त्या कचेरीकडून त्यांनी शवचिकित्सेचा अहवाल मिळवला. अहवालात गोळ्यांच्या जखमा होत्या १६, आणि त्यांतल्या काही पाठीवर. १० फेब्रुवारी २०१५ रोजी काल्व्हेन यांनी ‘स्लेट’ या नियतकालिकात हे प्रसिद्ध केले. वैद्याने मोजून लिहिलेल्या एका आकड्याने पोलिसांची सारी हकीकत लुळी पडली.

पुढे एप्रिल २०१५ मध्ये शहराने मुलाच्या कुटुंबाला ५० लाख डॉलर देण्याचे मान्य केले. चित्रण मात्र दडलेलेच राहिले. ब्रँडन स्मिथ या दुसऱ्या पत्रकाराने ते माहितीच्या कायद्याखाली मागितले. तपास चालू आहे या सबबीवर नकार आला. स्मिथ न्यायालयात गेले. १९ नोव्हेंबर २०१५ रोजी काउंटीच्या न्यायाधीशाने चित्रण देण्याचा हुकूम केला, आणि २४ तारखेस ते जगाने पाहिले. मुलगा पोलिसांपासून दूर सरकत असताना गोळीबार झाला होता. त्याच दिवशी, घटनेनंतर तेरा महिन्यांनी, त्या पोलिसावर खुनाचा आरोप ठेवण्यात आला. ऑक्टोबर २०१८ मध्ये ज्यूरीने त्याला दुसऱ्या दर्जाच्या खुनाबद्दल, आणि प्रत्येक गोळीसाठी एक याप्रमाणे घातक हल्ल्याच्या १६ कलमांखाली दोषी ठरवले. अहवाल रंगवल्याचा आरोप असलेले दुसरे तीन पोलिस मात्र जानेवारी २०१९ मध्ये निर्दोष सुटले, हेही सांगितले पाहिजे.

या प्रकरणात कोणी गुप्तहेरी केली नाही. कायद्याने जे मागता येते ते मागितले, आणि नकार आला तेव्हा कायद्याने जेथे जाता येते तेथे गेले. म्हणून आता मागण्याची रीत नीट पाहू.

इलिनॉयच्या माहिती-स्वातंत्र्याच्या कायद्याचे आजचे स्वरूप मुख्यतः २०१० च्या आरंभी अंमलात आलेल्या सुधारणांनी घडले आहे. अमेरिकेचा जो मध्यवर्ती कायदा १९६६ साली झाला, तो काउंटीला किंवा शहराला लागू नाही. त्याचा हवाला देऊन अर्ज करणे म्हणजे दिल्लीच्या हुकुमावर ग्रामपंचायतीचे दार ठोठावण्यासारखे आहे. अर्ज राज्याच्याच कायद्याखाली करायचा. तो कोणीही करू शकतो. इलिनॉयचा रहिवासी असावे किंवा अमेरिकेचा नागरिक असावे, अशी अट नाही. सांगलीत बसलेला बापही हा अर्ज ई-मेलने धाडू शकतो. मात्र सर्व राज्ये अशी उदार नाहीत. व्हर्जिनियाचा कायदा मुख्यतः स्वतःच्या नागरिकांसाठीच आहे, आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ते घटनेविरुद्ध नाही असा निर्णय दिला. म्हणून दुसऱ्या राज्यात अर्ज करण्यापूर्वी एवढी चौकशी आधी करावी.

प्रत्येक कचेरीत या कामासाठी एक अधिकारी नेमलेला असतो आणि त्याचा पत्ता कचेरीने जाहीर करावा लागतो. अर्ज त्याच्या नावे लेखी करावा. छापील नमुना असला तर वापरावा. परंतु तोच वापरा असा आग्रह कचेरीला धरता येत नाही. कागद कशासाठी हवा हेही सांगण्याचे बंधन नाही. धंद्यासाठी मागता आहात काय, एवढे मात्र विचारता येते. कारण तसल्या अर्जाची मुदत लांब असते. आमचा सल्ला असा की, आपले दुःख, आपला संताप, आपला संशय यांपैकी काहीही अर्जात लिहू नये. तो अर्ज आहे, कैफियत नव्हे.

अर्जात कागद मागायचा असतो, उत्तर मागायचे नसते. ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. “माझ्या मुलाच्या बाबतीत पोलिसांनी हयगय का केली?” या प्रश्नाचे उत्तर देण्यास कचेरी बांधलेली नाही. उलट “अमुक तारखेस, रात्री नऊ ते अकराच्या दरम्यान, अमुक दोन रस्त्यांच्या चौकात झालेल्या घटनेसंबंधीचा मूळ अहवाल, पुरवणी अहवाल, साहाय्यासाठी आलेल्या दूरध्वनींची नोंद, छायाचित्रे आणि मोटारीवरील कॅमेऱ्याचे चित्रण” असे लिहिले, तर कारकुनाला काय शोधायचे ते नेमके कळते. पोलिसांनी घटनेला दिलेला क्रमांक ठाऊक असेल तर तो अवश्य घालावा. त्याने निम्मे काम होते. “त्या साली झालेल्या सर्व तक्रारी द्या” असली ऐसपैस मागणी केली, तर ती अवाजवी भाराची आहे असे म्हणण्याची संधी कचेरीला मिळते. तरीही थेट नाकारण्यापूर्वी मागणी आटोपशीर करण्याची सवड तिला द्यावीच लागते.

वेळेचे भान मात्र अर्जदाराने ठेवावे. पोलिसांच्या अंगावरील कॅमेऱ्यांना इलिनॉयमध्ये वेगळा कायदा लागू आहे. तक्रार, बळाचा वापर, अटक, दुखापत किंवा मृत्यू अशा कारणाने खूण केलेले चित्रणच साधारणपणे मागता येते, आणि खूण नसलेले चित्रण ९० दिवसांनंतर पुसून टाकायचे असते. शोक ओसरेपर्यंत थांबणाऱ्याच्या हाती कधी कधी काहीच लागत नाही. म्हणून घरातल्या एखाद्या धीराच्या माणसाने पहिल्या पंधरवड्यातच अर्ज धाडावा.

अर्ज पोहोचल्यापासून कामकाजाच्या पाच दिवसांत कचेरीने उत्तर दिले पाहिजे. ठराविक कारणे दाखवून तिला आणखी पाच दिवस घेता येतात. मुदतीत उत्तर आले नाही तर ते नकारासमान समजतात. शिवाय मुदत चुकवल्यावर कचेरीने पुढे कागद दिलेच, तर त्यांच्या नकलेचे पैसे तिला घेता येत नाहीत. नकलेच्या साध्या काळ्या-पांढऱ्या पहिल्या ५० पानांना पैसे पडत नाहीत. पुढे पानास १५ सेंटांहून अधिक आकारता येत नाही. अपघाताच्या अहवालासारख्या काही कागदांचे शुल्क मात्र वेगळ्या नियमाने ठरते.

सगळेच मिळते असे कोणी समजू नये, आणि सगळेच मिळावे असेही आम्ही म्हणणार नाही. पोलिसांच्या दप्तरात केवळ पोलिसांची कृत्ये नसतात. त्यात पीडित स्त्रीचा पत्ता असतो, नाव गुप्त ठेवण्याच्या बोलीवर बोललेला साक्षीदार असतो, संशयावरून एका रात्रीपुरता धरलेला आणि सकाळी सोडलेला निरपराध माणूस असतो. त्याचे नाव चव्हाट्यावर आणून कोणाचे कल्याण होणार? म्हणून घरचे पत्ते, ओळखक्रमांक यांसारखा खाजगी तपशील काळा करून नक्कल देतात. चालू तपासाला खरोखर बाधा येणार असेल, गुप्त साक्षीदार उघडा पडणार असेल, कोणाच्या जिवाला धोका असेल, तर तेवढा भाग राखून ठेवता येतो. पण “तेवढा भाग” या शब्दांवर आम्ही भर देतो. दहा ओळी झाकायच्या म्हणून शंभर पानांचे बाड अडवून ठेवता येत नाही. तसेच कोणाला अटक झाली, केव्हा, कोठे आणि कोणत्या आरोपावरून, ही मूलभूत माहिती सामान्यतः अटकेपासून ७२ तासांत द्यावी असा दंडक आहे. माणूस रात्रीतून नाहीसा होऊ नये, त्याला कोणी नेले ते घरच्यांना कळावे, हा त्यामागचा जुना आणि शहाणा विचार आहे.

नकार आला तर तो जपून ठेवावा. तो लेखी असावा लागतो. कोणत्या कलमाखाली, कोणत्या कारणाने आणि कोणी नाकारले, हे त्यात लिहावे लागते. पुढे कोठे दाद मागता येईल हेही सांगावे लागते. “तपास चालू आहे” एवढे तीन शब्द पुरेसे नाहीत. माहिती दिल्याने तपासाला बाधा कशी येते ते दाखवण्याची जबाबदारी कचेरीवर असते. दाद मागण्याचे मार्ग दोन. पहिला, राज्याच्या अॅटर्नी जनरलच्या खात्यात याच कामासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे ६० दिवसांच्या आत लिहिणे. त्याला खर्च नाही, वकील लागत नाही. दुसरा, थेट न्यायालय. दावा जिंकल्यास वकिलाचा वाजवी खर्च कचेरीकडून मिळतो, आणि कचेरीने जाणूनबुजून कायदा मोडला असे ठरल्यास प्रत्येक वेळेस २,५०० ते ५,००० डॉलरपर्यंत दंड होतो. या खर्चाच्या तरतुदीमुळेच गरिबाचा अर्जही वकील हाती घेतात.

चिकाटी किती लागते तेही सांगितले पाहिजे. पोलिसांविरुद्ध आलेल्या तक्रारींच्या चौकशीचे कागद लोकांना पाहता यावेत, म्हणून याच काल्व्हेन यांनी वर्षानुवर्षे झगडा दिला. इलिनॉयच्या अपील न्यायालयाने मार्च २०१४ मध्ये ते कागद सार्वजनिक आहेत असा निर्णय दिला. लक्वानचा मृत्यू त्यानंतर सात महिन्यांनी झाला. म्हणजे पुढच्या लढ्याची वाट आधीच्या लढ्याने थोडी मोकळी केली होती.

कागद हाती आल्यावर तो वाचावा कसा, याविषयी दोन शब्द. पोलिसी अहवाल म्हणजे सत्य नव्हे. एका माणसाने, एका क्षणी, आपल्या जागेवरून लिहिलेली ती हकीकत असते. कधी ती घाईत लिहिलेली असते, कधी ऐकीव असते, आणि कधी, वर पाहिल्याप्रमाणे, तिच्यावर मुळीच विसंबता येत नाही. म्हणून एकच कागद मागून थांबू नये. शहराच्या पोलिसाने लिहिलेले एकीकडे ठेवावे, काउंटीच्या वैद्याने लिहिलेले दुसरीकडे, दूरध्वनींच्या नोंदीतील वेळा तिसरीकडे. तिन्ही जुळले तर मनाला स्वस्थता लाभते. जुळले नाहीत तर जेथे फट पडली आहे तेथेच पुढचा प्रश्न विचारावा. जमाखर्चाची वही आणि रोकड ताडून पाहण्याची आपल्या पेढ्यांवरची जी जुनी चाल, तीच येथे लावायची आहे.

कोणी म्हणेल, हे सारे शिकागोचे झाले, आम्हांला काय? पण महाराष्ट्राने स्वतःचा माहिती अधिकाराचा कायदा २००२ साली, म्हणजे देशाच्या २००५ च्या कायद्यापूर्वी केला होता. आपल्याकडेही उत्तराला ३० दिवसांची मुदत आहे. जीवित आणि स्वातंत्र्य यांचा प्रश्न असेल तर ४८ तासांची. आपल्याकडेही तपासात अडथळा येईल या कारणाने माहिती नाकारता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली आदेश दिल्यापासून नाजूक प्रकरणे वगळून पोलिसांचा पहिला खबर-अहवाल २४ तासांच्या आत संकेतस्थळावर ठेवायचा असतो. दोन्हीकडचे कायदे जवळचे आहेत. फरक पडतो तो ते किती लोक वापरतात यावरून.

म्हणून प्रारंभी ज्या घराची गोष्ट केली त्या घराकडे पुन्हा वळू. त्या घरातील बापाने काय करावे? घटना कोणत्या हद्दीत घडली ते आधी ठरवावे. त्या हद्दीच्या कचेरीचा माहिती अधिकारी शोधावा. तारीख, वेळ, जागा आणि कागदांची नावे एवढेच लिहून साधा, सभ्य, एक पानाचा अर्ज धाडावा. पाठवल्याची नोंद ठेवावी, पाच दिवस मोजावेत, आणि उत्तर न आल्यास खंत न करता पुढच्या दारी जावे. एवढे करूनही गेलेले परत येत नाही, हे आम्ही जाणतो. परंतु आपल्या माणसाविषयी सरकारने काय लिहून ठेवले आहे, हे वाचण्याचा हक्क त्या बापाला आहे. आणि त्या हक्कासाठी कोणाच्या पाया पडावे लागत नाही, एक अर्ज पुरतो.